बंद सर्व्हर परवडतो, रिकामा नाही: बायकलचं कॅलेंडर बॅकअपमधून परत आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. घाटंजी तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी. ऑफिसात रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर बायकल हे कॅलेंडर-सर्व्हरचं सॉफ्टवेअर चालतं आणि त्यावर तीन कॅलेंडरं आहेत: हडंबा-ट्रॅक्टरचं बुकिंग (हडंबा म्हणजे मळणीयंत्र), कापूस संकलनाची गावं आणि ऑफिसच्या बैठका. चौदा फोन आणि दोन लॅपटॉप त्याला जोडलेले. परतीच्या पावसात शुक्रवारी संध्याकाळी लाइन गेली आणि पाय बंद पडला. शनिवारी चालू केल्यावर बायकलनं इन्स्टॉलेशनचं पान दाखवलं. कोणीतरी जुनीच नावं आणि पासवर्ड टाकून ते पान पुढे नेलं. आता काही फोनांत कॅलेंडर कोरं आहे, काहींत अजून जुनं दिसतं. पेनड्राइव्हवर रोज रात्रीची एक अशा सात कॉप्या आहेत. सोयाबीनची मळणी तोंडावर आहे आणि हडंबा उद्या कोणाच्या वावरात जायचा ते कोणालाच सांगता येत नाही.

सगळ्यात आधी सर्व्हर बंद करा. पुढचं नंतर वाचा.

सर्व्हर बंद असला की फोन कनेक्ट होत नाही, एरर दाखवतो आणि स्वतःकडची कॉपी जशीच्या तशी धरून ठेवतो. सर्व्हर चालू आणि रिकामा असला की मात्र फोन त्याच्यावर विश्वास ठेवतो. ‘सर्व्हरवर या नोंदी नाहीत, म्हणजे कोणीतरी पुसल्या’ असं समजून तो आपल्याकडच्याही पुसू शकतो. तुमच्याकडे हेच घडलं आहे. बायकलला स्वतःची कॉन्फिग फाईल सापडली नाही की ते स्वतःला नवीन समजून इन्स्टॉलेशनचं पान उघडतं. ते पुढे नेलं की कोरा डेटाबेस तयार होतो, आणि नवा युजर केला की ‘डिफॉल्ट’ याच पत्त्याचं कॅलेंडर आपोआप बनतं. पत्ता तोच, युजर तोच, पासवर्ड तोच, त्यामुळे फोनला संशय यायचं कारणच नाही. कॅलेंडरचा पत्ता वेगळा निघाला, तर यादी ताजी करताना फोन जुनं कॅलेंडरच काढून टाकतो. ज्यांचे फोन शनिवारी ऑफिसच्या वायफायवर आले ते कोरे झाले. जो ड्रायव्हर गावात रेंजबाहेर होता, त्याच्या फोनात शुक्रवारपर्यंतचं सगळं शाबूत असणार. तो फोन आत्ता तुमच्या पेनड्राइव्हपेक्षा मोलाचा आहे. त्याला फोन करून एअरप्लेन मोड लावायला सांगा, अकाउंट काढायला मात्र सांगू नका. डॅव्ह-एक्स-फाइव्हमधून (फोन बायकलला जोडणाऱ्या ॲपमधून) अकाउंट काढलं की फोनातली कॉपीही जाते.

दुसरं, पाय बंद असला तरी पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवा. सात फाइली म्हणजे सात रात्री. रविवारी पहाटेच्या फाइलीत कोरा डेटाबेस गेला असेल, आणि आणखी सहा रात्री क्रॉन (ठरल्या वेळी कॉपी घेणारा प्रोग्राम) चालत राहिला तर सातही फाइली कोऱ्या होतील. बॅकअप असूनही डेटा गेल्याचे बहुतेक प्रकार असेच घडतात.

आता कार्ड. पायमधलं एसडी कार्ड काढा आणि त्याच कार्डावर काही दुरुस्ती करायच्या भानगडीत पडू नका. लिनक्स असलेल्या लॅपटॉपला कार्ड रीडरनं जोडा, माउंट करू नका, आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रामनं संपूर्ण कार्डाची इमेज (हुबेहूब कॉपीची एक फाईल) घ्या. पहिल्या फेरीत ‘एन’ हा पर्याय द्या, म्हणजे खराब जागा सोडून आधी चांगलं ते सगळं उतरतं. दुसऱ्या फेरीत तीन वेळा पुन्हा प्रयत्न करायला सांगा. मॅपफाईल (कुठवर उतरलं याची नोंद) द्यायला विसरू नका, नाहीतर मध्येच लाइन गेल्यावर पहिल्यापासून सुरुवात. ३२ जीबीचं धड कार्ड सेकंदाला २० एमबीच्या वेगानं साधारण २७ मिनिटांत उतरतं. ते दोन तास रेंगाळलं तर कार्डच गेलं आहे असं धरा. यापुढचं सगळं काम या इमेजवर आणि नव्या कार्डावर करायचं. जुनं कार्ड पाकिटात घालून तारीख टाकून ठेवा.

पेनड्राइव्ह उघडण्याआधी इमेजमध्ये तीन गोष्टी शोधा, कारण त्यांतली एखादी मिळाली तर ती रात्रीच्या कॉपीपेक्षा ताजी असते. पहिली, बायकलच्या स्पेसिफिक फोल्डरमधला डीबी हा फोल्डर. तिथे ‘डीबी डॉट एसक्यूलाइट’ या डेटाबेस फाइलीच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी ‘जर्नल’ असलेली फाईल दिसली तर ती कचरा समजून उडवू नका. लिहिता लिहिता लाइन गेली, तेव्हा अर्धवट राहिलेला व्यवहार उलटा फिरवायची माहिती त्या फाइलीत असते. दोन्ही फाइली एकत्र ठेवून डेटाबेस उघडला की एसक्यूलाइट (बायकलच्या नोंदी सांभाळणारा डेटाबेस प्रोग्राम) स्वतःच ते काम करतं. जर्नल उडवून नुसती मुख्य फाईल उघडली तर चांगला डेटाबेस हातानं बिघडवल्यासारखं होतं. दुसरी, लॉस्ट-अँड-फाउंड फोल्डर. चालू होताना फाईल सिस्टीमची तपासणी झाली असेल, तर नाव हरवलेल्या फाइली तिथे ‘#’ आणि आकडा अशा नावानं पडलेल्या असतात. ‘फाईल’ ही कमांड त्या सगळ्यांवर चालवा, जी एसक्यूलाइट डेटाबेस आहे ती कमांड तसं सांगते. तिसरी, इन्स्टॉलेशन करणाऱ्यानं आधीचा फोल्डर ‘ओल्ड’ वगैरे नावानं सरकवून ठेवला होता का ते. त्यालाच विचारा, रागावू नका. रागावलं की माणूस बाकीचं सांगत नाही.

काही सापडलं नाही तर पेनड्राइव्ह. इथे एक सापळा आहे. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. बंद होताना जी वेळ जपून ठेवली तिथूनच तो पुढे मोजायला लागतो, आणि इंटरनेट मिळाल्यावर वेळ दुरुस्त करतो. लाइन गेली आणि नेटही नव्हतं अशा रात्रींच्या फाइलींवरची तारीख म्हणूनच भरवशाची नसते. ‘बुधवार’ असं नाव असलेली फाईल गुरुवारची निघू शकते. तारखेवर जाऊ नका, आत पाहा.

सातही फाइली लॅपटॉपवर कॉपी करा आणि प्रत्येक कॉपी एसक्यूलाइट-थ्रीनं उघडा. आधी ‘प्राग्मा इंटिग्रिटी-चेक’. उत्तर ‘ओके’ एवढंच यायला हवं. मग ‘कॅलेंडरऑब्जेक्ट्स’ या टेबलमधल्या ओळी ‘कॅलेंडर-आयडी’नुसार मोजा. कोऱ्या डेटाबेसात शून्य येईल, म्हणजे रविवारची फाईल लगेच ओळखू येते. राहिलेल्यांमध्ये सर्वात ताजी कोणती हे ठरवायला ‘लास्टमॉडिफाइड’ या कॉलममधला सर्वात मोठा आकडा घ्या. तो १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो. उदाहरणार्थ १७६००००००० म्हणजे ९ ऑक्टोबर २०२५, दुपारचे २ वाजून २३ मिनिटं. पण हा आकडाही पायच्याच घड्याळाचा. खात्री करायची तर ‘कॅलेंडरडेटा’ कॉलममधला मजकूर वाचा. त्यातली ‘लास्ट-मॉडिफाइड’ किंवा ‘डीटीस्टॅम्प’ ही ओळ सहसा फोन लिहितो, आणि फोनाचं घड्याळ टॉवरवरून बरोबर असतं. कोण कोणत्या कॅलेंडरचा मालक आणि त्याचं नाव काय हे ‘कॅलेंडरइन्स्टन्सेस’ या टेबलमध्ये आहे. ‘कॅलेंडर्स’ टेबलमध्ये नावं शोधत बसू नका, तिथे जवळपास नुसते आकडे आहेत. आणि ‘फर्स्टऑकरन्स’वर क्वेरी चालवून ‘असा कॉलम नाही’ असं आलं तर तुमची चूक नाही. टेबल बनवणाऱ्यांनी स्पेलिंगमध्ये एक ‘आर’ कमी लिहिला आहे आणि तो तसाच राहिला आहे.

इंटिग्रिटी-चेकनं ‘डिस्क इमेज मालफॉर्म्ड’ म्हटलं तर ‘डॉट डम्प’च्या आधी ‘डॉट रिकव्हर’ वापरा. डम्प खराब पानापाशी अडखळतो. रिकव्हर एकेक पान वाचून मिळेल ते एसक्यूएलमध्ये ओततं, आणि कोणत्या टेबलचं आहे ते न कळलेल्या ओळी ‘लॉस्ट-अँड-फाउंड’ नावाच्या टेबलमध्ये टाकतं. हा पर्याय ३.२९ पासून आहे, तुमच्याकडचं एसक्यूलाइट त्याहून जुनं असेल तर लॅपटॉपवर नवं घ्या.

एकही फाईल उघडली नाही तरी सोयाबीनचं बुकिंग मिळण्याची आशा आहे. कॅलेंडरची प्रत्येक नोंद साध्या मजकुरात असते. ती ‘बिगिन व्हीकॅलेंडर’नं सुरू होते आणि ‘एंड व्हीकॅलेंडर’नं संपते. हडंब्याच्या बुकिंगची नोंद एक किलोबाइटच्या आसपास, आणि एसक्यूलाइटचं एक पान ४ किलोबाइटचं, त्यामुळे नोंद सहसा एकाच पानात अखंड सापडते. कार्डाच्या इमेजवर ‘ग्रेप’ला बायनरी फाईल मजकूर समजायला लावून हे दोन शब्द शोधा आणि मधला भाग कापून घ्या. ‘स्ट्रिंग्ज’ कमांड वापरणार असाल तर तिला आठ-बिटी अक्षरांचा पर्याय द्या (‘ई’ आणि मोठा ‘एस’), नाहीतर ती फक्त इंग्रजी अक्षरं उचलते. तारखा मिळतील, पण ‘हडंबा – पारवा, ६ एकर’ यातलं नाव-गाव सगळं गळून पडेल.

मराठी नोंदींत आणखी एक खोच आहे. या फॉरमॅटमध्ये एक ओळ ७५ बाइटपेक्षा लांब नसावी असा नियम आहे. जास्त झाली तर ती मोडतात आणि पुढची ओळ एका स्पेसनं सुरू करतात. देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे ‘हडंबा’ हा एवढासा शब्दच १५ बाइट खातो. ‘समरी’ आणि कोलन यांचे इंग्रजीतले ८ बाइट गेले की पहिल्या ओळीत जेमतेम २२ चिन्हं बसतात. म्हणून आपल्या जवळपास प्रत्येक नोंदीची ओळ मोडलेली असते, आणि काही प्रोग्राम ती अक्षराच्या मधोमध मोडतात. तुकडे हातानं जोडताना आधी बाइट जोडा (नवी ओळ आणि तिच्यानंतरची एक स्पेस काढा) आणि त्यानंतरच ते यूटीएफ-८ म्हणून वाचा. उलट क्रमानं केलं तर मध्येच चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात, आणि मग कार्डच खराब आहे असा गैरसमज होतो.

चांगली फाईल हातात आली की परत बसवणं सोपं आहे. नवं कार्ड घ्या आणि त्यावर बायकलची शक्यतो तीच आवृत्ती बसवा. नवीनच टाकायची असेल तर आधी जुनी चालू करून मग अपग्रेड करा. लॅन केबल काढलेली आणि वायफाय बंद असू द्या. अपाची (वेब-सर्व्हर) थांबवा, नव्यानं बनलेला स्पेसिफिक फोल्डर दुसऱ्या नावानं बाजूला ठेवा, आणि जुनी डेटाबेस फाईल व त्याच रात्रीची ‘बायकल डॉट यामल’ ही कॉन्फिग फाईल जागेवर घाला. तुमच्या क्रॉननं नुसता डेटाबेसच उचलला असेल आणि यामल नसेल, तर नव्या यामलमध्ये ‘ऑथ रेल्म’ जुनाच आहे ना ते पाहा. न बदललेला असेल तर तो ‘बायकलडॅव्ह’ असतो. युजरनेम, रेल्म आणि पासवर्ड या तिघांचा मिळून एक एमडी५ हॅश डेटाबेसात ठेवलेला असतो. रेल्म एका अक्षरानं बदलला तरी चौदाही जणांचे बरोबर पासवर्ड चुकीचे ठरतात.

मग परवानग्या. पेनड्राइव्ह फॅट-३२ असला तर फाइलीचा मालक कोण हे त्यावर टिकत नाही, आणि कॉपी केलेली फाईल रूटच्या (मुख्य ॲडमिनच्या) नावावर येते. मालक ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ (अपाची ज्या नावानं चालतं तो युजर) करा, फाइलीचाही आणि ती ज्या फोल्डरात आहे त्याचाही. फोल्डर लोक हमखास विसरतात. एसक्यूलाइटला लिहिताना शेजारी जर्नल फाईल बनवावी लागते, आणि फोल्डरात लिहिता आलं नाही की वाचन सगळं नीट चालतं पण नवी नोंद टाकताना ‘रीडओन्ली डेटाबेस’ म्हणून एरर येते. म्हणून तपासताना नुसतं पाहून समाधान मानू नका, एक चाचणी नोंद टाका आणि पुसा.

तपासणी एका लॅपटॉपवरून, थेट केबलनं, थंडरबर्ड या मेल-कॅलेंडर प्रोग्रामच्या कोऱ्या प्रोफाइलमध्ये करा. तीन गोष्टी बघा. एक, सकाळी ८ची एखादी ओळखीची नोंद ८लाच दिसते का. पहाटे २:३०ला किंवा दुपारी १:३०ला दिसली तर साडेपाच तासांचा फरक पडला आहे, म्हणजे आशिया/कोलकाता टाइमझोन कुठेतरी हरवला आहे. तुकडे जोडून बनवलेल्या नोंदींत हे फार होतं. दोन, दर आठवड्याच्या बाजाराची पुनरावृत्तीची नोंद. तीन, त्या पुनरावृत्तीतले अपवाद, जसं पोळ्याच्या आठवड्यात पुढे ढकललेला दिवस. अपवाद मूळ नोंदीच्याच मजकुरात, त्याच यूआयडीनं (नोंदीच्या ओळख-क्रमांकानं) साठवलेले असतात. नोंद अर्धी कापली गेली असेल तर आधी तेच नाहीसे होतात.

आता फोनांतला माल. सर्व्हर अजून नेटवर्कवर आणलेला नाही, ही वेळ त्यासाठीच. ज्या फोनांत जुनं दिसतं त्यांतून ‘कॅलेंडर इम्पोर्ट-एक्सपोर्ट’ या एफ-ड्रॉइडवरच्या ॲपनं आयसीएस (कॅलेंडरच्या नोंदींची) फाईल काढा. ॲप दुसऱ्या फोनवर उतरवून ब्लूटूथनं पाठवा, म्हणजे एअरप्लेन मोडमध्ये फक्त ब्लूटूथ चालू करावं लागेल. लॅपटॉपवर थंडरबर्ड उघडण्याआधी वायफाय बंद करा, ऑफलाइन मोड लावा आणि प्रत्येक कॅलेंडर एक्सपोर्ट करा. आयफोनमधून पूर्ण कॅलेंडर एकगठ्ठा काढायची सोय नाही. तिथे यादीचे स्क्रीनशॉट घ्यायचे.

या फाइली थेट मूळ कॅलेंडरात ओतू नका. ‘तात्पुरतं’ नावाचं वेगळं कॅलेंडर करून त्यात घ्या आणि यूआयडी जुळवून बघा. जे मूळात आहेत ते सोडा, जे नाहीत तेवढेच हलवा. एक्सपोर्ट करताना यूआयडी बदलला असेल तर तारीख, वेळ आणि नाव जुळवून बघावं लागेल. ते काम कंटाळवाणं आहे, पण नाहीतर एकाच दिवशी एकाच वावरात दोन हडंबे दिसतील. शंका आली तर हडंब्यावरची डिझेलची वही काढा, तिच्यात झालेल्या कामाचा पुरावा आहे. हलवाहलव थंडरबर्डमधूनच करा. थेट एसक्यूएलनं ‘कॅलेंडरडेटा’ बदलायचा मोह होतो, पण तसं केलं तर ‘ईटॅग’ (नोंद बदलल्याची खूण) आणि सिंक-टोकन (कॅलेंडर बदलल्याचा आकडा) दोन्ही जुनेच राहतात आणि फोनांना बदल झाल्याचं कळतच नाही.

सिंक-टोकनमुळेच शेवटचा घोळ होतो, आणि तो दोन आठवड्यांनी लक्षात येतो. प्रत्येक बदलागणिक सर्व्हर एक आकडा वाढवतो. समजा शुक्रवारी तो ५४० होता आणि बॅकअपमध्ये ५१२ आहे. फोन येऊन विचारतो, ‘५४० नंतर काय बदललं?’ सर्व्हर म्हणतो, ‘काही नाही, आणि आता आकडा ५१२.’ फोन ते मान्य करतो. मधल्या २८ बदलांच्या नोंदी त्या फोनात भुतासारख्या राहतात, सर्व्हरवर त्या नसतात. त्यातच तो फोन येईपर्यंत सर्व्हर ५१५ वर गेला असेल, तर ते तीन बदल त्या फोनाला कधीच मिळत नाहीत. ऑफिसात एक यादी, ड्रायव्हरकडे दुसरी. आकडा हातानं वाढवून हे सुटत नाही, कारण मधल्या बदलांची यादीच टेबलमध्ये नसते. एक्सपोर्ट आणि जुळवणी पूर्ण झाल्यावर प्रत्येक फोनातून अकाउंट काढून पुन्हा जोडा. चौदा फोन म्हणजे दीड तासाचं काम. लोक एकत्र येणं शक्य नसेल तर ‘कॅलेंडरइन्स्टन्सेस’मध्ये कॅलेंडरचा पत्ता बदला, ‘हडंबा’चा ‘हडंबा-२’. फोनाला ते वेगळंच कॅलेंडर वाटतं आणि तो पहिल्यापासून उतरवून घेतो. मात्र डॅव्ह-एक्स-फाइव्हमध्ये यादी ताजी करून नव्या कॅलेंडरवर खूण करावी लागते, आणि ते प्रत्येकाला फोनवर समजवावं लागतं. माझं मत अकाउंट काढून जोडण्याच्या बाजूनं.

पुढच्यासाठी एवढंच. रात्रीची कॉपी साध्या ‘सीपी’ कमांडनं न करता एसक्यूलाइटच्या ‘डॉट बॅकअप’नं घ्या, लिहिणं चालू असलं तरी ती अर्धवट येत नाही. यामल फाईलही सोबत घ्या. वेळ रात्री २ ऐवजी दुपारी दीड ठेवा. रात्री लाइन नसली तर क्रॉन ते काम गुपचूप सोडून देतो, नंतर भरून काढत नाही. पायला डीएस-३२३१ हे घड्याळाचं छोटं मॉड्यूल लावा, ते बटणसेलवर चालतं. कॉपी घेतल्यावर नोंदी मोजा, आणि आकडा कालच्या निम्म्याहून खाली आला तर स्क्रिप्टनं जुनी एकही फाईल पुसू नये अशी अट घाला. सात दिवसांचा हिशोब तर सोडूनच द्या. पाच-सात हजार नोंदींचा डेटाबेस १० एमबीच्या आत बसतो. रोज एक धरली तरी वर्षाला साडेतीन जीबीच्या आसपास, म्हणजे १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर चार वर्षं काही पुसायची गरज पडत नाही.